यंत्रावर टाकलेली घोंगडी

कडुबा हे काही लाडानं ठेवलेलं नाव नव्हे. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्याला तरी देवानं उचलू नये यासाठी आईनं त्याचं नाव कडू ठेवलं. देवानं उचललं नाही. पुढचं सगळं बघता उचललं असतं तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. असं वाटायचा मला काडीचाही हक्क नाही, कारण या माणसाचं जे वाटोळं झालं त्यात माझा हात आहे.

तो मूळचा फुलंब्रीकडचा, मेंढरं राखणाऱ्या धनगराच्या घरातला. बाहत्तरच्या दुष्काळात बापाबरोबर शंभरेक मेंढरं हाकत शहराच्या अंगाला आला आणि चिकलठाण्याच्या माळावर त्यांनी वाडा टाकला. तेव्हा विमानतळाला भिंत नव्हती, तारा होत्या, आणि तारांना मेंढरापुरती भोकं होती. दिवसाकाठी एखादं विमान यायचं. पहारेकरी हाका मारायचा, "कडुबा, काढ रे मेंढरं, इमान यायलंय!" कडुबा शीळ घालायचा, मेंढरं बाजूला व्हायची, विमान उतरायचं, मेंढरं परत चरायला यायची. हे तो असं सांगायचा की जणू विमानतळ तो आणि पहारेकरी दोघं मिळूनच चालवत होते.

मग शहर आलं. माळावर गोदामं उठली, मंगल कार्यालयं उठली, तारांच्या जागी भिंत आली. भिंतीला लागून धनगरांची बावीस पत्र्याची घरं राहिली, त्या वस्तीला लोक मेंढवाडा म्हणतात. मेंढवाड्याच्या दुसऱ्या अंगाला बंगल्यांची सोसायटी झाली. विमानं वाढली. मुंबईवाल्याला हसू येईल इतकीच, सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी तीन, पण प्रत्येक विमान मेंढवाड्याच्या पत्र्यावरून असं जायचं की ताटातली भाकरी हलायची.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, पाण्याचा ठणठणाट असताना, कडुबाची बायको मंजुळाबाई एकटी मेंढरं घेऊन गेली होती. कळपात एक्केचाळीस नग उरले होते. त्या दिवशी एक विमान उतरता उतरता परत वर उठलं आणि पूर्ण ताकदीनं माळावरून गेलं. मेंढरं बुजली. माळाच्या टोकाला बिनकठड्याची कोरडी विहीर होती. पुढचं मेंढरू आत गेलं, आणि मेंढराची जात अशी की पुढचं जिथं जाईल तिथं मागचं जाणार. मंजुळाबाई विहिरीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली, "हिर्र, हिर्र" करत ओरडत राहिली. मेंढरं तिच्या हातांखालून गेली. खालून बराच वेळ आवाज येत होता. उतरायला कुणी तयार होईना. आवाज बंद होईपर्यंत ती काठावर बसून होती.

त्या दिवसापासून विमान आलं की मंजुळाबाई असेल तिथून उठायची आणि हात पसरून विहिरीकडे धावायची. विहीर नंतर बिल्डरनं बुजवली आणि वरून सोसायटीचा रस्ता नेला. म्हणजे ती आता भर रस्त्यात उभी राहायची. गाड्या भोंगे वाजवायच्या, बंगल्यातल्या बायका गॅलरीतून बघायच्या. एकदा एका मोटरसायकलनं उडवलं, मनगट मोडलं. मग कडुबानं लोकरीचा दोर वळला, एक टोक तिच्या कमरेला, एक आपल्या मनगटाला. दिवसातून सहा वेळा तो दोर ताणला जायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाबा, यांना आवाजापासून लांब न्या. गोळ्यांनी झोप येईल, भीती जाणार नाही."

लांब कुठं नेणार? मुलगा हनुमान पुण्यात ड्रायव्हर, त्याचा फोन पोळ्याला आणि दिवाळीला. मेंढरं संपलेली. कडुबा मंगल कार्यालयात उष्ट्या पत्रावळ्या उचलायला जायचा, तेही बायकोला दोराला बांधून बरोबर घेऊन. त्याला या जगाकडून एकच गोष्ट हवी होती. जिथं विमान ऐकू येत नाही अशी चार हात जागा.

आणि सोळा साली ती जागा मिळायची वेळ आली.

भिंतीलगतच्या वस्त्यांत विमानाचा आवाज मोजायचा, आणि जिथं तो ठरलेल्या मर्यादेच्या वर जाईल तिथल्या घरांना शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा द्यायची, असं सरकारात ठरलं. मोजायचं काम एका खाजगी कंपनीला गेलं. त्या कंपनीत मी कंत्राटावर होतो. माझं नाव राजेंद्र, राहायला मुकुंदवाडी. यंत्र लावायचं, सात दिवसांनी काढायचं, फॉर्म भरायचा, हे माझं काम. अकरा महिन्यांचं कंत्राट असायचं, दर वेळी साहेबाच्या मर्जीनं पुढं सरकायचं.

मेंढवाड्यात यंत्र लावायला मी कडुबाचंच घर निवडलं. ते भिंतीच्या सगळ्यांत जवळ होतं आणि मागं पडवीवर मातीचं धाबं होतं. कडुबानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघायची मला लहानपणापासून सवय आहे. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आत गेला, खुंटीवरची काळी घोंगडी काढली, झटकली आणि मला बसायला अंथरली. तांब्यातून पाणी दिलं. टँकर तेव्हा आठ दिवसांनी यायचा, आणि त्यानं तांब्या काठोकाठ भरला होता.

"बसा सायेब. घोंगडीवर बसलेल्या माणसाला आमच्यात कुणी वावगं बोलत नाय."

मी धाब्यावर तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, त्यावर पेटी बसवली. पेटीच्या वर दांडी, दांडीच्या टोकाला काळ्या स्पंजाचा चेंडू. कडुबा बाजूला उभा राहून सगळं बघत होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला, खाली अंगणात, मंजुळाबाई बसली होती.

"हा चेंडू म्हणजे याचा कान," मी म्हणालो. "सगळ्यांत नाजूक. याला जपा. धूळ बसली, तापला, कुणी हात लावला, की बिघडलं. आणि हे बिघडलं तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

"तुमची नोकरी जाईल?"

"जाईल."

"मंग काळजी सोडा. तुमची ठेव हाय ही. सात दिस डोळ्यात तेल घालून राखतो."

रोज एक चक्कर मारून यंत्र बघून यायचं, असं माझ्या कामाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पहिल्या दिवशी गेलो तो थेट सातव्या दिवशी. आई आजारी नव्हती, गाडी बिघडली नव्हती. उन्हाचा कंटाळा आला, बस. मधल्या दिवसांत मी सिडकोतल्या एका टपरीवर सावलीत बसून चहा पीत होतो.

सातव्या दिवशी शिडीवरून धाब्यावर चढलो आणि यंत्र दिसेचना. यंत्राच्या जागी ज्वारी ठेवायची शेणानं सारवलेली मोठी कणगी पालथी घातलेली. कणगी उचलली तर आत घोंगडी. चार पदरी केलेली, पेटीला सगळीकडून लपेटलेली, लोकरीच्या दोरीनं करकचून आवळलेली. चेंडूभोवती तर पाचवा पदर, वेगळा, गाठ मारून. कानाला जपा म्हणून मीच सांगितलं होतं ना. कडुबानं कानाला सगळ्यांत जास्त जपलं होतं.

कडुबा शिडीखाली उभा होता. तोंड उजळलेलं.

"पयल्याच दिशी वावटळ सुटली, सायेब. म्हनलं, सायेबाची ठेव उघड्यावर कशी ठिवायची? वाड्यावर आमची रीत हाय. दुसऱ्याची वस्तू आली की तिच्यावर मालकाची घोंगडी पडती. घोंगडी पडली की तिला कुणी शिवत नाय, चोरबी शिवत नाय. बघा, कनभर धूळ हाय का?"

नव्हती. यंत्र आणलं तेव्हा होतं त्याच्यापेक्षा चकचकीत होतं.

"अहो पण झाकलेल्याला ऐकू कसं येणार?" हे मी बोललो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. मी विचारलं असतं तर त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार असणार हे मला कळत होतं. जे विमान भिंतीतून, पत्र्यातून, कानात बोळे घालूनही ऐकू येतं, बायकोला चार गोधड्यांत घालूनही ऐकू येतं, त्याला एक घोंगडी काय अडवणार? त्याच्या बाजूनं विचार केला तर चूक काहीच नव्हती. त्याला विमान ठाऊक होतं, यंत्र ठाऊक नव्हतं. यंत्र ठाऊक असलेला माणूस टपरीवर बसला होता.

मी बाजूला जाऊन साहेबाला फोन लावला. शिवशंकर साहेब आमचे इंजिनियर, स्वभावानं वाईट नाही, घाईत मात्र कायम.

"सर, मेंढवाड्याचं परत मोजावं लागेल. यंत्रावर कापड होतं."

"किती दिवस?"

"सातही."

"आणि तू रोज जात होतास ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राजेंद्र, यंत्र उद्या नाशिकला जातंय. सात दिवसांचे आकडे पूर्ण आलेत ना? मग मला कापडबिपड काही सांगू नकोस. फॉर्म भर. तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मी मोटरसायकलच्या सीटवर फॉर्म ठेवला. त्यात एक ओळ होती. यंत्र पूर्ण काळ उघड्यावर होते काय? कोणताही अडथळा होता काय? मी लिहिलं, उघड्यावर होते, अडथळा नाही. खाली सही केली. सही करताना कडुबानं मला टेकायला आपली पाठ दिली नाही एवढंच, बाकी सगळं दिलं. निघताना घरातला शेवटचा गुळाचा खडा हातावर ठेवला.

"मिळंल ना सायेब जागा?"

"मिळेल की."

एप्रिलमध्ये मोजणीची यादी आली. वाचून दाखवायला सरकारी कार्यालयातला एक अधिकारी जीप घेऊन आला आणि यंत्रं लावणारा म्हणून मलाही बोलावलं, मी मोटरसायकलनं मागोमाग गेलो. देवळापुढच्या ओट्यावर मेंढवाडा जमला होता. बायका डोक्यावर पदर घेऊन, पुरुष टोप्या घालून, लग्नाला बसावं तसे. कडुबा पुढच्या रांगेत. मंजुळाबाईला त्यानं न्हाऊ घातलं होतं. पाणी कुठून आणलं असेल कोण जाणे.

अधिकाऱ्यानं वाचलं. बंगल्यांच्या सोसायटीत आवाज मर्यादेच्या वर, त्या घरांना जागा नको असल्यानं दुहेरी काचेच्या खिडक्या मिळतील. मेंढवाड्यात आवाज मर्यादेच्या बराच आत. जागेचा प्रश्न उद्भवत नाही.

नेमकं तेव्हाच दुपारचं विमान आलं. अधिकाऱ्यानं वाचन थांबवलं, कारण त्याला त्याचाच आवाज ऐकू येईना. मंजुळाबाई उठली, दोर ताणला गेला, कडुबा तिच्याबरोबर दोन पावलं फरपटला. विमान गेलं. अधिकाऱ्यानं घसा साफ केला आणि उरलेलं वाचून टाकलं. मग जीपमध्ये बसून निघून गेला. मी मोटरसायकलपर्यंत पोचायच्या आत अडकलो.

पुंजारामनं माझी गचांडी धरली. पुंजारामचं घर कडुबाच्या घराला लागून, त्याच्या पोरीचं लग्न या जागेच्या भरवशावर ठरलं होतं. "बंगल्यात आवाज हाय आन् आमच्यात नाय? भित आमच्या छाताडावर हाय का त्यांच्या? काय केलं त्या यंत्रानं, बोल!"

वीस माणसं भोवती होती. मी घाबरलो. माणूस घाबरला की त्याच्या तोंडातून जे सगळ्यांत स्वस्त पडतं ते निघतं.

"मला काय विचारता? कडुबांना विचारा. त्यांनी यंत्रावर घोंगडी टाकली होती."

सगळे कडुबाकडे वळले. त्याला आधी कळलंच नाही. त्यानं मला विचारलं, "घोंगडीनं ऐकू नाय आलं यंत्राला?"

"नाही आलं."

"इमानबी नाय?"

"नाही."

मी गाडीला किक मारली आणि पळालो. मागं दगडाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा आवाज तेवढा ऐकू आला. "बायकोपायी येडा झाला अन् आमाला बुडवलं रं मेल्यानं!"

नंतर त्यांनी पुन्हा मोजणीसाठी अर्ज केला. अर्ज परत आला. यंत्र पूर्ण काळ उघड्यावर होते, अडथळा नव्हता, असा सहीनिशी अहवाल असल्यानं फेरमोजणीचं कारण दिसत नाही. सही कुणाची, हे त्या पत्रात नव्हतं. माझं कंत्राट अकरा महिन्यांनी पुढं सरकलं.

मे महिन्यात मला टपरीवरच कळलं की मेंढवाड्यानं कडुबाला वाळीत टाकलंय. कागदावर वाळीत टाकायला आता बंदी आहे, म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला. टँकर आला की पाइप पुंजारामच्या टिपाडातून थेट दगडाबाईच्या टिपाडात जायचा. मधलं कडुबाचं टिपाड कुणाला दिसायचंच नाही. तो काही बोलायचा नाही. त्यालाही ते बरोबर वाटत होतं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. मंगल कार्यालयातून दोन बाटल्या पाणी आणायचा, त्यावर दोघं.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वीस लिटरचा पाण्याचा जार गाडीला बांधला. ठरवलं होतं, फॉर्मवरची सही माझी आहे हे त्याला सांगायचं, पुंजारामलाही सांगायचं, वाटल्यास लिहून द्यायचं. खरंच ठरवलं होतं. पारा बेचाळीसच्या वर होता. संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

कडुबा दारातच बसला होता. मला बघून उठला, आणि ओठावर बोट ठेवलं. चेहरा असा की मी चपापलो. रागाचा मागमूस नव्हता. माणूस आनंदात होता.

"हळू, सायेब," तो कुजबुजला. "झोपलीय."

आत पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. खाटेवर मंजुळाबाई आडवी होती, डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत तीच काळी घोंगडी, चार पदरी. डोक्याभोवती पाचवा पदर, लोकरीच्या दोरीनं नीट बांधलेला. बाजूला एक रिकामी बाटली. कडुबाच्या मनगटाला आज दोर नव्हता.

"तुमच्यामुळंच कळलं बघा," तो म्हणाला. "गोधड्या घालून बघितल्या व्हत्या म्या, रजया घातल्या व्हत्या. घोंगडी देवाची, ती कशी ध्येनात आली नाय? तुमच्या यंत्राच्या कानाला नाय ऐकू आलं, म्हनलं, मंग हिच्याबी कानाला नाय येनार. कालपासून घातलीय. काल जरा धडपडली, काढा काढा म्हनली. म्या धरून ठिवली, म्हनलं, कळ काढ जरा, सवय व्हईल. सकाळच्या इमानाला नुस्ती हात हलवून ऱ्हायली. दुपारचं गेलं तर हललीबी नाय!"

तो माझे पाय धरायला वाकला. मी मागं सरलो.

"तीन वर्सं झाली, सायेब. तीन वर्सांत असं झोपली नव्हती."

मला घाम फुटला होता आणि तोंड कोरडं पडलं होतं. त्यानं ते बघितलं. माझ्याच जारमधून तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. मी प्यालो. तेवढ्यात भिंतीपलीकडून घरघर आली, पत्रा थरथरायला लागला, आणि संध्याकाळचं पहिलं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. कडुबानं श्वास रोखून खाटेकडे बघितलं. मीही बघितलं. घोंगडी जराही हलली नाही. वर नाही, खाली नाही, श्वासापुरतीही नाही.

"बघितलं?" तो हसत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

घोंगडीबाहेर तिची पावलं होती. मी खाटेजवळ गेलो आणि पावलाला हात लावला. मग दोरीची गाठ सैल करून घोंगडीचं टोक थोडं उचललं. डोळे अर्धवट उघडे होते. ओठ काळे पडून फाटले होते. कडुबा उभा होता तिथून त्याला माझी पाठ तेवढी दिसत होती.

"उठवू नका हां, सायेब," तो मागून म्हणाला. "लई दिसांनी गावलीय झोप."

मला सांगायचं होतं. सहीचं सांगायचं होतं, हेही सांगायचं होतं. त्याच्यासाठी यांतलं एक जरी बोललो असतो तरी माणसात गणलो गेलो असतो. मी टोक परत होतं तसं खाली ठेवलं, गाठ मारली.

"झोपू द्या," म्हणालो.

तो मला सोडायला अंगणात आला. मी गाडीवर बसून किक मारणार तेवढ्यात त्यानं घाईनं हात केला आणि पुन्हा ओठावर बोट ठेवलं. मी किकवरचा पाय काढला, खाली उतरलो, आणि सोसायटीच्या रस्त्यापर्यंत गाडी हातानं ढकलत नेली.